पाडलेला वाडा शोधायचा कसा? पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांचा माग

नारायण पेठेत आम्ही ज्या वाड्यात भाड्याने राहत होतो, तिथे आता पाच मजली इमारत उभी आहे. वाडा उतरवला तेव्हा मी कॉलेजात होतो. पुष्कळ वर्षांनी त्याचा इतिहास शोधायला निघालो तेव्हा वाटलं, मालकांकडे जुने कागद असतील, ते पाहिले की काम झालं. मालकांच्या घरी भाडेपावत्यांची दोन पुस्तकं निघाली, बाकी काही नाही. आमच्या वाड्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगितलं ते शेजारच्या वाड्याच्या कागदांनी. तेव्हापासून मी पेठेतल्या अकरा घरांचा माग काढला आणि दरवेळी हाच अनुभव आला. पाडलेलं घर स्वतःच्या कागदांत कमी आणि शेजाऱ्यांच्या कागदांत जास्त सापडतं. पुढे जे लिहिलं आहे ते पुण्याच्या पेठांपुरतं आहे, पण जिथे सिटी सर्व्हे, म्हणजे घरांच्या जागांची सरकारी मोजणी, झाला आहे अशा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात त्यातलं बरंचसं लागू पडेल.

कागदाआधी आठवण

कुठल्याही कचेरीत जाण्याआधी एक संध्याकाळ घरी बसून आठवणीतला नकाशा काढा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, जिना, आड (म्हणजे लहान विहीर), हौद, संडास, मागचं दार, आणि प्रत्येक बिऱ्हाड कुठे होतं ते. बहीण-भाऊ, आई-वडील, जुने शेजारी, जे कोणी हाताशी असतील त्यांना वेगवेगळे नकाशे काढायला लावा. एकमेकांचे नकाशे आधी दाखवू नका. एकाने दाखवलेला जिना बाकीचे मान राखून तसाच काढतात आणि चूक पक्की होऊन बसते.

आमच्याकडे चार नकाशे झाले. तिघांनी चौकाच्या मधोमध दगडी लादीने झाकलेला आड दाखवला. मी तो भिंतीला लागून दाखवला होता. हा मतभेद मी वहीत लिहून ठेवला आणि पुढे त्याचाच फार उपयोग झाला. असे मतभेद मिटवायची घाई करू नका, कारण कागदांना विचारायचे प्रश्न त्यांतूनच मिळतात.

नंबर कुठला?

पहिली खरी अडचण पत्त्याची. पेठेतल्या घराला महापालिकेचा घर क्रमांक असतो आणि भूमी अभिलेख खात्याचा सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक. हे दोन नंबर एकच असतील असं धरून चालू नका. घर क्रमांकही जुना आणि नवा असे दोन असू शकतात. शिवाजीनगरसारख्या भागात नगररचना योजनेचा फायनल प्लॉट नंबर म्हणून तिसराच आकडा निघतो. जुन्या कागदात 'शिवाजीनगर' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण तिथे 'भांबुर्डे' लिहिलेलं असतं. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत, महात्मा फुले पेठ ही गंज पेठ. पेठेची सगळी नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नंबर शोधायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरातली जुनी पत्रं आणि लग्नपत्रिका. पत्रिकेच्या तळाशी वाड्याचं नाव, घर क्रमांक, पेठ सगळं छापलेलं असतं आणि तारीखही असते. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टीचं बिल, विजेचं बिल हेही पाहा. काहीच नसेल तर आज उभ्या असलेल्या इमारतीच्या सोसायटीच्या फलकावर सिटी सर्व्हे नंबर लिहिलेला असतो. तो घ्या आणि उलटे मागे जा.

मिळकत पत्रिका वाचताना

सिटी सर्व्हे नंबर मिळाला की नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. लोक तिला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची पत्रिका मिळते, पण जुन्या घरासाठी ती पुरत नाही. कचेरीत जाऊन जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल मागा. संगणकावर चढवताना नावांचं शुद्धलेखन बदलतं, आणि इथे एका अक्षराने माणूस बदलतो.

वरच्या भागात क्षेत्र, सत्ता प्रकार, सुविधाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार असे रकाने असतात. खाली तारीखवार तक्ता असतो, त्यात व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारकाचं नाव आणि साक्षांकनाची सही. व्यवहाराच्या रकान्यातला एकेक शब्द सावकाश वाचा. 'खरेदीने', 'वारसाने', 'वाटणीने', 'मृत्युपत्राने', यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक वेगळा कागद असतो आणि तो वेगळ्या जागी मिळतो. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एकच नाव असलं तरी मागे भाऊबंदांचा अख्खा गोतावळा धरायचा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही अक्षरं दिसली की वडील लवकर गेले आणि घर लहान मुलाच्या नावावर आलं, हे समजायचं. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्र.' असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. एका घराच्या पत्रिकेत मला 'अ.पा.क. आई' अशी नोंद सलग दोन पिढ्यांत दिसली. त्या घरातले दोन पुरुष ऐन तरुणपणी गेले होते, हे पेठेत कोणालाच आठवत नव्हतं.

जुनी क्षेत्रं चौरस वारात असतात. एक चौरस वार म्हणजे साधारण ०.८३६ चौरस मीटर. वाडा पाडून नवी इमारत बांधताना दोन-तीन नंबरांचं एकत्रीकरण झालेलं असेल तर तुमचा नंबर 'बंद' झालेला दिसेल. घाबरू नका, बंद झालेली पत्रिकाही मागता येते. त्याच कचेरीत सिटी सर्व्हेच्या वेळची चौकशी नोंदवही असते. कोण हक्कदार, कशाच्या आधारावर, कोणी काय हरकत घेतली, हे त्यात असतं. पत्रिकेपेक्षा ही नोंदवही कितीतरी बोलकी असते, तरी ती मागणारे फार थोडे.

आता सुविधाधिकाराबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीतली वाट, पाणी वगैरे वापरण्याच्या हक्काबद्दल, थोडं जास्त. आमच्या वाड्याच्या पत्रिकेत हा रकाना कोरा होता. पूर्वेच्या वाड्याची पत्रिका सहज म्हणून काढली, तर तिथे सुविधाधिकारात पश्चिमेकडच्या मिळकतीतल्या आडाचं पाणी भरण्याचा हक्क नोंदलेला. पश्चिमेकडची मिळकत म्हणजे आम्ही. माझा भिंतीलगतचा आड खरा असावा, असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं. शेजाऱ्याला पाणी भरू द्यायचं तर आड त्याच्या भिंतीपाशीच सोयीचा. तेव्हापासून मी एका घराचं काम हाती घेतलं की त्याच्या चारही बाजूंच्या पत्रिका एकदमच काढतो.

चतुःसीमा

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, असल्या प्रत्येक दस्तात मिळकतीचं वर्णन असतं आणि त्याच्या शेवटी चतुःसीमा येते. पूर्वेस अमुक यांचा वाडा, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस तमुक यांची पडकी जागा, उत्तरेस बोळ. त्या दिवशी त्या चार बाजूंना काय होतं, याची ती रजिस्टर झालेली साक्ष आहे. तुमच्या घराचा एकही दस्त सापडला नाही तरी चार शेजाऱ्यांच्या दस्तांत त्याचा उल्लेख येतोच. १९२० च्या दस्तात 'पश्चिमेस पडकी जागा' आणि १९३१ च्या दस्तात 'पश्चिमेस अमुक यांचा दुमजली वाडा' असं दिसलं, की वाडा कधी बांधला ते अकरा वर्षांच्या पट्ट्यात आलं. कुठल्याही आठवणीने इतकी नेमकी तारीख मिळत नाही.

हे दस्त दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या, कचेरीत असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये येतात आणि त्यांची सूची दोन तऱ्हेची असते. सूची १ माणसांच्या नावावरून, सूची २ मिळकतीवरून. हीच ती 'इंडेक्स टू'. फी भरून पुस्तक १ आणि त्याच्या सूची कोणालाही पाहता येतात, तुम्ही मालक असण्याची गरज नाही. मृत्युपत्रं मात्र पुस्तक ३ मध्ये असतात आणि ती अशी खुली नसतात. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर पुण्याच्या बाबतीत २००२ नंतरचं काम होतं. त्याआधीचं हाताने. वकील बहुधा तीस वर्षांचा सर्च घेऊन थांबतात. तुम्ही तिथून पुढे मागे जायचं आहे, वर्षामागून वर्ष, आणि त्यासाठी पत्रिकेतल्या तारखा आधी टिपून न्या. नाहीतर दिवसच्या दिवस जातात.

काही व्यवहारांचा दस्त मिळणारच नाही. तोंडी वाटणी झालेली असते, वारसाने नाव लागलेलं असतं, किंवा शंभर रुपयांच्या आतला व्यवहार असतो, ज्याला नोंदणीची सक्तीच नव्हती.

दस्तांची भाषा एकदा अंगवळणी पडली की घर डोळ्यांपुढे उभं राहतं. 'खण' म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. 'पाच खणी दुमजली, वर कौलारू, मागे माळवद' एवढ्या शब्दांत घराचा आराखडा येतो. 'सामाईक भिंत', 'पाटाचं पाणी', 'हौदासुद्धा', 'जाण्यायेण्याची वहिवाट' हे शब्द दिसले की खाली रेघ ओढा. घरात स्वतःचा हौद असल्याचा उल्लेख आला तर ते घर कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाशी जोडलेलं होतं का, हेही तपासून पाहण्यासारखं असतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. मोडी शिकून घ्या. दोन-तीन महिने रोज तासभर दिला तर ठरावीक साच्याचा दस्त वाचता येतो, कारण त्यात तेच तेच शब्द येतात आणि फक्त नावं बदलतात.

पिवळ्या रंगात पाडलेलं घर

नव्या इमारतीची फाईल ही जुन्या घराची शेवटची नोंद असते. बांधकाम परवानगीसाठी जो नकाशा सादर होतो, त्यात जे बांधकाम पाडायचं आहे ते पिवळ्या रंगात दाखवायची पद्धत आहे. म्हणजे आर्किटेक्टने मापं घेऊन काढलेला तुमच्या वाड्याचा बाह्याकार, कधी चौकासकट, महापालिकेच्या दप्तरात पडून असू शकतो. घर धोकादायक ठरवून उतरवलं असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस असते. तिच्याबरोबर पाहणीचा अहवाल असला तर कुठली भिंत फुगली होती, कुठली तुळई कुजली होती, तेही त्यात लिहिलेलं असतं.

हे कागद माहिती अधिकारातून मिळवता येतात. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहू नका. 'सि.स.नं. अमुक, पेठ तमुक, या मिळकतीच्या मंजूर बांधकाम नकाशाची प्रत व जुने बांधकाम पाडण्याच्या परवानगीची प्रत' असं नेमकं लिहा. आधी फक्त फाईल पाहायला मागितली तर आणखी बरं, नेमकी पानं निवडता येतात. उत्तराची मुदत तीस दिवसांची. खाजगी माहिती म्हणून नकार आला आणि घटना वीस वर्षांपूर्वीची असेल तर पहिल्या अपिलात कलम ८(३) चा आधार घ्या.

मला पहिलं उत्तर 'फाईल आढळून येत नाही' असं आलं. अपिलात गेलो आणि फाईल आढळली. तेव्हा पहिल्या नकाराने खचू नका.

रस्तारुंदीत गेलेल्या घरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी १९६६ आणि १९८७ च्या विकास आराखड्यांतली रस्त्याची आखणी सिटी सर्व्हेच्या नकाशावर ठेवून पाहावी लागते. घराचा पुढचा एक खण गेला की पूर्ण घर, हे त्यावरून लगेच कळतं.

पुराच्या अलीकडे आणि पलीकडे

नदीकाठच्या पेठांत काम करताना १२ जुलै १९६१ ही तारीख मधे भिंतीसारखी उभी राहते. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि मुठेकाठची मातीची घरं बसली. घराघरांतले कागदही गेले. म्हणून मुलाखतीत वर्ष विचारू नका, 'पुराच्या आधी की नंतर?' असं विचारा. उत्तर ताबडतोब येतं. तसेच खुंटे म्हणजे गांधीहत्येनंतरची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी. माणसं सन विसरतात, पण भूकंपाच्या रात्री कुठल्या खोलीत झोपलो होतो ते विसरत नाहीत.

त्याहून मागे जायचं तर १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरचा तिसरा भाग उघडा, त्यात पेठवार वर्णन आहे. पेशवाईपर्यंत पोचणारं घर असेल तर पुणे पुराभिलेखागारातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहे. तिथे मोडी वाचणारी माणसंही भेटतात. पण एक स्पष्ट सांगतो, सुरुवात इथून करू नका. आपल्या घराचा संबंध एखाद्या सरदाराशी जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि मग मधली दीडशे वर्षं कोरीच राहतात. आजपासून मागे, एकेक दुवा जोडत जा.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या 'जाहीर नोटीस' वरही नजर ठेवा. घर विकत घेण्याआधी वकील ती देतात आणि तिच्यात पुन्हा चतुःसीमा असते.

भाडेकरूंची नावं कुठे असतात?

मिळकत पत्रिका मालकांची असते. वाड्यात राहणारे बारा-पंधरा बिऱ्हाडकरू तिच्यात कुठेच नसतात, आणि तुमचं बालपण तर त्यांच्यातच गेलेलं असतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, भाडेकरूंनी जागा सोडली नाही. कितीतरी वाड्यांच्या शेवटाची सुरुवात इथे आहे. या भांडणांचे दावे लघुवाद न्यायालयात चालले. दाव्याचा क्रमांक कळला तर निकालपत्र मिळवा. कुठल्या खोलीत कोण, केव्हापासून, भाडं किती, गळती कुठे, सगळं शपथेवर सांगितलेलं असतं. मात्र दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं सांगितलेलं असतं, हेही ध्यानात ठेवून वाचा.

जुन्या मतदार याद्या घर क्रमांकाच्या क्रमाने लावलेल्या असतात. दोन निवडणुकांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कोण आलं आणि कोण गेलं ते दिसतं.

आणि माणसांना भेटा, सगळ्यात आधी वयाने मोठ्यांना. बायकांना वेगळं बसवून विचारा. चौकात पुरुष बोलत बसायचे, पण पाणी किती वाजता यायचं, सोवळ्याची खोली कुठली, बाळंतिणीला कुठे ठेवायचे, मागच्या दाराने कोण यायचं, हे बायकांनाच माहीत असतं. मागच्या दाराने येणाऱ्यांनाही गाठा. झाडलोट करणारे, दूध घालणारे, लाकूडफाटा आणणारे, ज्यांना ओसरीच्या पुढे येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या आठवणीतला वाडा वेगळाच असतो आणि तोही त्याच वाड्याचा इतिहास आहे. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. भाऊबंदकीचं काही कानावर आलं तर ते वहीत ठेवा, बाहेर सांगू नका.

उरलेल्या वस्तू

शेजारची इमारत जुनी असेल तर तिच्या बाजूच्या भिंतीकडे पाहा. सामाईक भिंतीत पाडलेल्या घराचे कोनाडे, तुळयांची भोकं, छपराची तिरकी रेघ राहून गेलेली असते. भोकांमधलं अंतर मोजलं की खणाचं माप मिळतं. मंगलोरी कौलाचा तुकडा सापडला तर उलटून पाहा, मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, तेव्हा त्याचं कौल त्याआधीचं असूच शकत नाही. लोखंडी तुळईवरही नाव असतं, आणि जमशेदपूरचं पोलाद १९१२ पासून निघू लागलं. पण कौल बदललेलं असू शकतं, तुळई मागाहून घातलेली असू शकते. म्हणून वस्तूवरून घराचं वय काढताना हात राखून लिहा.

फोटोंत माणसांच्या मागे काय आहे ते बघायचं. मुंज, बारसं, गणपती, सगळ्यांच्या पाठीमागे वाडा उभा असतो. गूगल अर्थवर साधारण २००० नंतरची जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात, तेव्हा वाडा त्यानंतर पाडला असेल तर चौकाचा काळा चौकोन दिसतोच. १९६० ते १९७२ मधली अमेरिकेच्या 'कोरोना' नावाच्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रंही आता खुली आहेत. त्यांत बोळ आणि मोकळ्या जागा कळतात, घर ओळखणं कठीण.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक घराला एक स्वतंत्र फाईल. पहिल्या पानावर तारखांची ओळ, आणि प्रत्येक तारखेपुढे ती कुठून आली ते लिहा : दस्त, पत्रिका, नकाशा, की ऐकीव. मी कागदावरून मिळालेलं निळ्या शाईने, ऐकीव पेन्सिलने लिहितो. पेन्सिलच्या ओळीला कागद सापडला की तीवर शाई फिरवायची. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही लिहायचे.

आमच्या वाड्याच्या फाईलमध्ये आडाची ओळ बरीच वर्षं पेन्सिलीत होती. अपिलानंतर मिळालेल्या नकाशाची प्रत टेबलावर पसरली तेव्हा पिवळ्या चौकोनात पूर्वेच्या भिंतीलगत एक लहानसं वर्तुळ होतं. नव्या इमारतीच्या सचिवांची परवानगी काढून मी टेप घेऊन खालच्या पार्किंगमध्ये उतरलो आणि कोपऱ्यापासून मापं घेतली. जागा एका गाडीखाली आली. तिथला रखवालदार बघत उभा होता. मी काय शोधतोय ते सांगितल्यावर म्हणाला, पावसाळ्यात सगळ्यात आधी इथलीच फरशी ओली होते. त्याचं म्हणणं मी तारीख घालून फाईलमध्ये लिहिलं आहे, पेन्सिलने.